सदृश, अनुरूप की सलग? एसडीआरच्या भाषांतरात अडलेलं एक वाक्य

तरंगवेडी:
सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओवरचा (एसडीआर, म्हणजे लहरींवरचं बरंचसं काम संगणकातल्या प्रोग्रॅमने करणारा रेडिओ) नवशिक्यांसाठीचा पाठ मराठीत करतेय आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. मी लिहिलं, 'डोंगल एफएम केंद्राचा डिजिटल सिग्नल संगणकाला देतो.' तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली: एफएम अ‍ॅनालॉग असतं, डिजिटल कसं म्हणता? पण डोंगलमधून, म्हणजे संगणकाला यूएसबीने जोडायच्या त्या छोट्या रेडिओतून, बाहेर पडतात ते आकडेच ना! कालच कच्ची फाइल उघडून बघितली. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी ठेवून अँटेना काढली, तर १२७, १२८, १२८, १२६, १२७ अशी रांग. अँटेना लावून केंद्र जुळवलं आणि आकडे दोन्हीकडे लांब उड्या मारायला लागले. याला डिजिटल नाही तर काय म्हणायचं? आणि अ‍ॅनालॉगला सदृश लिहू की अनुरूप?

पदच्छेद:
अनुरूप. मूळ ग्रीक शब्दात 'प्रमाणात असलेलं' हा अर्थ आहे. सदृश म्हणजे नुसतं सारखं दिसणारं. आवाज चढला की व्होल्टेज त्या प्रमाणात चढतं, हे अनुरूपमध्ये येतं. डिजिटलला अंकीय. हे शब्द रुळलेले नाहीत ही तक्रार मला पटत नाही. आपण वापरल्याशिवाय ते रुळणार कसे?

सोल्डर:
एफएममध्ये आवाज चढल्यावर लहरीची उंची हलत नाही, वारंवारता हलते. मधल्या ठिकाणापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे. म्हणजे लहर आवाजासारखी दिसतच नाही. सदृश तिथे पडतो, अनुरूप टिकतो, एवढं मान्य.

ताई, तुमच्या वाक्यात 'डिजिटल' दोन कामं करतोय. पाठवणाऱ्याने काय पाठवलं हे एक, आणि आपण ते कशात धरलं हे दुसरं. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर ११२ बिटांचे संदेश सोडतात. तो मजकूर डिजिटल, पण अँटेनेच्या तारेत येतं ते सलग चढउताराचं व्होल्टेजच. एफएमचा मजकूर अ‍ॅनालॉग, पण डोंगलने त्याचे ८ बिटांचे आकडे केले, ० ते २५५ मधले. म्हणून मी 'एफएम सिग्नलचे आकडे' असं लिहीन आणि डिजिटल शब्द त्या वाक्यातून काढेन.

कडकट्ट:
डिजिटल म्हणजे संगणक, हे समीकरणच आधी मोडायला हवं. आजोबा तारायंत्रावर होते. कळ दाबली, सोडली; लांब, आखूड. संगणक नव्हता तरी ते डिजिटलच. आणि त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या बोटात आहे, बोटांवर मोजण्यात. आपल्याकडे अंगुळे मोजायचे तसंच. मग 'अंगुलीय' का नको?

पदच्छेद:
अंगुलीयक म्हणजे अंगठी. नको.

वेचणी:
सोपे मराठी शब्द हाताशी असताना संस्कृतात कशाला जायचं? सलग आणि सुटे. अँटेनेत येतं ते सलग, डोंगलमधून निघतात ते सुटे आकडे. शाळेतल्या मुलालाही कळेल. 'खंडित' मात्र नको, वाचणाऱ्याला वीज गेल्यासारखं वाटतं.

माझी खरी अडचण सँपलच्या, म्हणजे लहर मोजून घेतलेल्या एकेका आकड्याच्या, 'नमुना'शी आहे. नमुना म्हटलं की शितावरून भाताची परीक्षा. थोडं बघायचं आणि बाकीचं ताडायचं. इथे ताडायचं काही नसतं! सिग्नलने व्यापलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त वेगाने आकडे घेतले तर सलग लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ च्या लेखात ते मांडलंय. म्हणून मी 'वेचा' सुचवते.

सोल्डर:
वेचा म्हणजे निवडून घेतलेला. आपण निवडत नाही, ठरल्या वेळी जे असेल ते घेतो. डोंगल दर वेळी दोन आकड्यांची जोडी देतो: सेकंदाला २४ लाख जोड्या, एका आकड्याला एक बाइट, म्हणजे ४८ लाख बाइट. नमुना फारसीतून येऊन इतकी वर्षं राहिलाय, एवढा अर्थ तो पेलेल. आणि 'जशीच्या तशी' हे आकडे अचूक असतील तरच. ८ बिटांत २५६ पायऱ्या. लहर दोन पायऱ्यांच्या मध्ये असली की जवळची पायरी घ्यावी लागते, तिथे खरखर शिरते.

वेचणी:
ठरल्या वेळी जे असेल ते? मग 'टिपणं' म्हणा. क्षण टिपला, आकडा टिपला.

तरंगवेडी:
टिपणं फारच आवडलं! पण नाम काय करायचं? 'टिपण' आधीच दुसऱ्या कामाला आहे.

आणि लाल रेघेचं काय? सोल्डर म्हणतात तसा डिजिटल काढला तरी सिग्नल उरतोच. तपासणाऱ्यांना त्या जागी 'संकेत' हवाय.

कडकट्ट:
संकेत म्हणजे पूर्वी ठरलेली खूण. तारेला शोभतो, कारण लांब-आखूड दोन्हीकडच्यांनी ठरवलेलं असतं. वीज कडाडली की रेडिओवर कर्र होतं, ते कुणी ठरवलेलं असतं?

पदच्छेद:
तो संकेत नव्हेच, तो गोंगाट.

सोल्डर:
वीज चमकल्याची नोंद करायला रेडिओ लावून बसलेल्याला तोच सिग्नल. गोंगाट नका लिहू, त्यात माणसं ऐकू येतात. खरखर लिहा.

पदच्छेद:
खरखर कानाला. पडद्यावरच्या धबधब्यात, म्हणजे वारंवारतांच्या त्या सरकत्या चित्रात, दिसते तिला काय म्हणाल?

वेचणी:
धबधब्यात तुषार उडतातच.