बँकॉकहून अयुथया एका दिवसात: आई सोबत, शाकाहारी. सल्ला हवा

मुक्कामपोस्ट: जानेवारीत बँकॉकला जातोय. एक दिवस जुन्या राजधानीसाठी, अयुथयासाठी ठेवलाय. आई ६८ वर्षांची, सपाटीवर चालते, पायऱ्या जमत नाहीत. टूरवाले 'आठ देवळं, जेवणासह' असं पॅकेज देतात. घ्यावं का?

रूळमार्ग: नका घेऊ. आठ देवळं म्हणजे प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, तीही भर उन्हात. आगगाडीने जा, दीड-दोन तास लागतात. स्टेशन मात्र आधी पक्कं करा. साध्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगहून सुटतात, रॅपिड आणि एक्सप्रेस नव्या क्रुंग थेप अपिवटहून (मेट्रोचं बांग सू). इथेच गोंधळ होऊन लोकांच्या गाड्या हुकतात. थर्ड क्लासचं तिकीट वीस बाटच्या आसपास, आयत्या वेळी खिडकीवर मिळतं. पंखा असतो, सीट नंबर नसतो.

अयुथया स्टेशन पा साक नदीच्या पूर्वेला आहे, जुनं शहर पलीकडच्या बेटावर. एकट्या माणसाने होडीने पलीकडे जाऊन सायकल घ्यावी. तुम्ही टुकटुक करा. भाव तासावर ठरवा (२०० ते ३०० बाट), देवळांच्या संख्येवर नको. संख्येवर ठरला की चालक घाई करतो.

परतीच्या गाड्या उशिरा येतात. त्याच रात्री विमान असेल तर हा बेत करू नका.

वीटभट: सकाळी ८ ला वट महाथाट ('वट' म्हणजे देऊळ). झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धमुखाचा फोटो खाली बसून काढायचा, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये. शेजारीच वट राचाबुराना (१४२४). आतल्या तळघराचा जिना उभा आणि अरुंद आहे, आईंनी देऊळ बाहेरूनच बघावं. १९५७ मध्ये चोरांनी ते तळघर फोडलं. वाचलेलं सोनं चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. ऊन चढलं की तिथे जा, सुटीचा वार तेवढा तपासा.

वट फ्रा सी सान्फेट, म्हणजे राजवाड्यातलं देऊळ, संग्रहालयाच्या आधी उरका. आवार सपाट, पण सावली जवळजवळ नाही.

आणि वट ना फ्रा मेन चुकवू नका. १७६७ च्या ब्रह्मी स्वारीत शहर जळलं, हे देऊळ वाचलं. बाकी ठिकाणी विटा उरल्यात. इथे लाकडी छत आहे, राजवेषातला मुकुटधारी बुद्ध आहे. जळण्यापूर्वीची राजधानी कशी दिसत असेल ते इथेच कळतं. पुष्कळ टूर हे वगळतात, याचं फार वाईट वाटतं.

वेळ उरला तर संध्याकाळी वट चायवत्थनाराम. ते चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर आहे, सूर्य त्याच्या मागे मावळतो. म्हणून अलीकडच्या काठावरूनच बघा.

मुक्कामपोस्ट: खूप आभार! जेवणाचं काय?

तिखटमीठ: 'मांस नको' एवढ्याने भागत नाही, भाजीतही माशाचं सॉस (नाम प्ला) असतं. 'किन जे' म्हणा. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा-लसूण काहीच येत नाही. पिवळ्या फलकावरची लाल 'जे' ची खूण ओळखा, थाई अक्षरं फोनमध्ये ठेवा. बोट नूडल्सच्या रश्श्यात बहुधा रक्त घालतात, तिकडे वळू नका.

गोडात रोटी साई माई घ्या: पातळ रोटीत म्हातारीच्या केसांसारखी साखर. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत मिळतात. खातानाच गुंडाळा, नाहीतर साखर विरघळून चिकट होते.

वीटभट: राहिलंच, पूजा चालू असलेल्या देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि चपला बाहेर. दुपारी फरशी तापते, आईंना मोजे द्या.