द्रवरूप अमोनियम पॉलिफॉस्फेट: टाकीच्या तळाशी बसणारा साका

प्रश्न (कृषी सेवा केंद्र चालक, मोहोळ):
डाळिंब बागायतदारांसाठी आम्ही १०-३४-० श्रेणीचे (१० टक्के नत्र, ३४ टक्के स्फुरद, पालाश शून्य) द्रवरूप अमोनियम पॉलिफॉस्फेट खत पत्र्याच्या शेडमधील टाकीत साठवतो. मार्चमध्ये नितळ असलेले द्रावण मे अखेरीस गढूळ होते आणि तळाशी पांढरा, बोटांत चोळला तर कचकचणारा साका बसतो, जो पाणी घालून ढवळले तरी विरघळत नाही. थोडे फॉस्फोरिक ॲसिड घालावे, असे काही जण सुचवतात. ते योग्य आहे का?

उत्तर (रासायनिक अभियंता, सोलापूर):
ॲसिड मुळीच घालू नका. ताज्या मालातील स्फुरदापैकी साधारण ६५ ते ७५ टक्के भाग पॉलिफॉस्फेटच्या साखळ्यांच्या रूपात असतो, आणि हे खत ज्यापासून बनते त्या, फॉस्फेट खडकापासून काढलेल्या फॉस्फोरिक ॲसिडातून आलेले मॅग्नेशियम, लोह व ॲल्युमिनियम याच साखळ्या विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात. उष्णतेने द्रावणातील पाण्याची साखळ्यांशी अभिक्रिया वेगाने होते, साखळ्या तुटून ऑर्थोफॉस्फेट (साखळीत नसलेले सुटे फॉस्फेट) बनते आणि मोकळे झालेले मॅग्नेशियम हे अमोनियम व फॉस्फेट यांच्याशी जुळून खड्यांच्या रूपात खाली बसते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४० अंशांपुढे जातो, मग तापलेल्या पत्र्याखालच्या टाकीचे काय होत असेल! द्रावणाचा सामू (pH) ६ च्या आसपास राहायला हवा. ॲसिडाने तो उतरला की साका काही काळ विरघळल्यासारखा वाटेल, पण उरलेल्या साखळ्या अधिकच लवकर तुटतील. सामू फार चढला, तर अमोनिया उडून जातो.

उत्तर (ठिबक साहित्य विक्रेते, पंढरपूर):
टाकीला पांढरा रंग देणे आणि वर सावली करणे उपयोगाचे आहेच, परंतु माझ्या मते उन्हाळ्यात लागेल तेवढाच माल उचलणे याहून परिणामकारक आहे. जुन्या साक्यावर नवा माल ओतू नये, कारण त्या खड्यांभोवती नवे खडे लवकर धरतात. पितळी व्हॉल्व्ह आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) पाइपही टाळावेत, कारण हे द्रावण पितळ आणि जस्त दोन्ही धातूंना खाते. बोअरच्या जड (क्षार जास्त असलेल्या) पाण्यात खत सोडण्यापूर्वी काचेच्या बरणीत दोन्ही मिसळून पाहावे. गढूळपणा दिसला, तर ते ठिबकमधून देऊ नये.

प्रश्नकर्ता:
आता बसलेला साका फेकून द्यावा का?

उत्तर (रासायनिक अभियंता, सोलापूर):
फेकू नका, त्यात नत्र, स्फुरद आणि मॅग्नेशियम तिन्ही आहेत. तो ठिबकमध्ये चालणार नाही, मात्र जमिनीत हळूहळू विरघळत असल्याने शेणखतात मिसळून झाडाच्या आळ्यात मातीआड करता येईल.