अनुभव धागा : पर्यावरणासाठी आपण करतो ते पुरतं का?

अबोली
काल माळा आवरताना आईची पिशवी सापडली. बाबांच्या जुन्या पँटची, एक खिसा तसाच ठेवून शिवलेली. त्यात सुट्टे पैसे आणि रेशनकार्ड असायचं. २०१८ ची प्लास्टिकबंदी आली तेव्हा आई म्हणाली होती, आपल्याला काय फरक पडतो! ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि खाली कचऱ्याची गाडी आली. मी रोज वेगळा करते तो ओला-सुका एकाच ढिगात उपडा केला. जीव तुटला. तुमचे अनुभव लिहा ना.

गोवंडीची लेक
मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड आमच्या खिडकीतून दिसतं. जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलो होतो. शाळा बंद. लेकाची छाती रात्रभर घरघरत होती. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतोय. ओला कचरा दबून कुजला की मिथेन होतो, तोच पेट घेतो. तुम्ही घरी खत करून जिरवलेला ओल्या कचऱ्याचा डबा आमच्याकडे येत नाही. एवढं पुरे आहे मला. बंद करू नका.

कुर्ला_६८
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस. आम्ही पोटमाळ्यावर, खाली पाणी. ओसरल्यावर गटारातून पिशव्यांचा लगदा काढला, हातांचा वास आठ दिवस गेला नाही. तेव्हापासून प्लास्टिकची पिशवी घेत नाही. पण मिठी नदीच्या काठावर भराव कोणी टाकला? तो माझ्या कापडी पिशवीने निघणार आहे का? राग येतो.

रानजाई
कुर्लादादा, अगदी. माझं माहेर नगरकडे. वडिलांनी (आम्ही दादा म्हणतो) कर्ज काढून ठिबक केलं, शेजाऱ्याने पाचशे फूट बोअर मारला. दोन उन्हाळ्यांत आमची विहीर आटली. दादा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते ते डोळ्यांसमोरून जात नाही. आणि तिथून जवळच हिवरे बाजार गाव! शेतीला बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, पाऊस कमी तर पिकं त्या मापाने. एकट्याने वाचवलेलं पाणी शेजारी उपसतो हो. गावाने ठरवलं तरच ते टिकतं. (कुकर लावलाय, नंतर लिहिते)

अबोली
रानजाई, वाचून रडू आलं गं. दादा कसे आहेत आता?

रानजाई
बरे आहेत. दोन म्हशी आहेत, त्यांच्यातच जीव रमतो.

पेठेतली
आमची गणपतीची मूर्ती पीओपीची होती, सासऱ्यांना तीच हवी. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बादलीत विसर्जन केलं. दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं, हळूहळू विरघळते. बादली गॅलरीतच ठेवा, वास नाकात जातो. वरचं पाणी पातळ करून झाडांना घातलं, खाली चुनखडीचा गाळ उरला. पुढच्या वर्षी सासरे स्वतःच शाडूची घेऊन आले.

मनू
पेठेतली, पावडर कुठे मिळाली?

पेठेतली
विसर्जन हौदापाशी पालिकेची माणसं देत होती.

मनू
धन्यवाद. अजून एक, माझ्या कंपोस्टच्या टबात अळ्या झाल्यात, सासूबाई टब फेकायला निघाल्यात 😭

गोवंडीची लेक
फेकू नको! ओलं जास्त झालंय. सुका पालापाचोळा घाल, वर पुठ्ठ्याचे तुकडे, दोन दिवस ओला कचरा थांबव. अळ्या खत करतात, त्यांचंच काम आहे ते.

कुर्ला_६८
अबोली, पिशवीचा खिसा आतून ठेवलाय की बाहेरून? बायको शिवायला बसली आहे.

अबोली
आतून. तोंडाशी दुहेरी शिवण मारा, आईची तिथेच उसवली होती.