ड्रॅग लिंक आणि टाय रॉड एंड बदलल्यापासून स्टेअरिंग वाकडे राहते: बॉक्सचा स्क्रू आवळावा का?

गूळवाला_कराड

नमस्कार मंडळी,

माझा एकच सहाचाकी ट्रक आहे आणि तो मी स्वतः चालवतो. कराडहून वाशीच्या बाजारात गूळ नेतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला खंबाटकी आणि खंडाळा असे दोन्ही घाट लागतात. पंधरवड्यापूर्वी ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) आणि डाव्या टाय रॉड एंडचा (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे टोक) बॉल ढिला झाल्याचे मिस्त्रींनी हाताने हलवून दाखवले. कंपनीचा माल यायला तीन आठवडे लागतील असे कळल्यामुळे, दुकानदाराने “याच गाडीचे आहेत” असे सांगून दिलेले दोन्ही भाग मी घेतले आणि बसवूनही टाकले.

त्या दिवसापासून गाडी सरळ चाललेली असताना स्टेअरिंग पाव फेरा उजवीकडे फिरलेले राहते, आणि पूर्वी जिथे बोटभरही ढिलाई नव्हती तिथे आता चार बोटे लागते. उजवीकडे गाडी पूर्वीइतकी वळत नाही. खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने ‘खट्’ असा एकच आवाज येतो. मिस्त्रींचे म्हणणे असे की, स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवू आणि स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे व्हीलचे फिरणे चाकांकडे नेणाऱ्या दातांच्या पेटीचा, स्क्रू थोडा आवळू, म्हणजे ढिलाई जाईल. त्यांचा आणि माझा दहा वर्षांचा संबंध आहे व त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु घाट उतरताना आता माझा हातातल्या स्टेअरिंगवर भरवसा उरलेला नाही. स्क्रू आवळणे योग्य ठरेल का?

फिटर_सांगली

स्क्रू आवळू नका, आणि व्हीलही काढू देऊ नका. आपल्या बॉक्समध्ये बहुधा काहीही बिघडलेले नाही.

बॉक्समधल्या सेक्टर शाफ्टचे (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचे) दात मधोमध किंचित घट्ट आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल बसतील अशा रीतीनेच घडवलेले असतात, कारण सरळ रस्त्यावर ढिलाई नको असते आणि मधला भागच सर्वांत जास्त वापरला जातो. आपली चाके सरळ असताना बॉक्स मात्र मध्यापासून पाव फेरा सरकलेला आहे, म्हणजे आपण सरळ रस्त्यावर सैल दातांवर गाडी चालवत आहात. ही सैल बाजूची ढिलाई स्क्रूने काढलीत, तर वळणावर बॉक्स मध्यातून जाताना दात एकमेकांत आवळले जातील, स्टेअरिंग तिथेच अडखळेल आणि आपोआप सरळ होणार नाही. घाटात याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला सांगायला नको.

ड्रॅग लिंकची लांबी चुकली आहे असे मला वाटते. ट्रकच्या बॉक्सचे गुणोत्तर साधारण 20 ला 1 धरले, तर व्हीलचा पाव फेरा म्हणजे ड्रॉप आर्मचे (सेक्टर शाफ्टवर बसलेला, ड्रॅग लिंक ढकलणारा हात) साडेचार अंश होतात. ड्रॉप आर्म 200 मिलिमीटर लांब असेल, तर त्याचे टोक तेवढ्यात सुमारे 16 मिलिमीटर सरकते. एकाच नावाच्या गाडीत व्हीलबेस बदलला किंवा पुढचा ॲक्सल बदलला की लिंकमध्ये एवढा फरक सहज पडतो, आणि दोन्ही लिंक नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात.

खात्री अशी करावी. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी लावा आणि ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. इंजिन बंद ठेवून, अगदी हलक्या हाताने, व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबवा. बऱ्याच बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (व्हीलकडून बॉक्समध्ये येणाऱ्या दांड्यावर) आणि वरच्या झाकणावर मध्याची खूणही असते, ती जुळते का ते पाहा. ड्रॉप आर्म आणि सेक्टर शाफ्टवरची खूणही समोरासमोर हवी. मग चाके सरळ करून लिंकचा बॉल भोकासमोर आणा. तो भोकात सरळ उतरला पाहिजे. जेवढा अलीकडे किंवा पलीकडे राहील, तेवढी लिंक चुकीची आहे.

उजवीकडे कमी वळण्याचे कारणही हेच आहे, कारण त्या बाजूला बॉक्सची चाल आधीच संपते. डावीकडे उलट होते: चाकांचे वळणे थांबवणारा ॲक्सलचा स्टॉप बोल्ट बॉक्सच्या आधी टेकतो, पॉवर स्टेअरिंगचा पंप पूर्ण दाबावर घुसमटतो आणि तेल तापते. डावीकडे पूर्ण वळवून स्टेअरिंग धरून ठेवू नका.

लेथवाला_भोसरी

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु मला लांबीपेक्षा त्या ‘खट्’ आवाजाची जास्त काळजी वाटते, कारण तो लिंकच्या लांबीने येत नाही. टाय रॉड एंडच्या स्टडचा टेपर तपासा, म्हणजे बॉलमधून निघून चाकाकडच्या आर्मच्या भोकात बसणारी खुंटी किती निमुळती आहे ते पाहा.

अवजड वाहनांमध्ये 1:8 आणि 1:10 असे दोन टेपर आढळतात. 25 मिलिमीटर लांबीत पहिला सुमारे 3.1 मिलिमीटरने निमुळता होतो आणि दुसरा अडीच मिलिमीटरने. फरक फक्त 0.6 मिलिमीटरचा आहे, म्हणून हाताला काहीच कळत नाही, नट आवळला जातो आणि सर्वांना वाटते की भाग बसला. प्रत्यक्षात 1:8 च्या भोकात 1:10 चा स्टड घातला, तर तो केवळ नटाकडच्या बारीक टोकाशी टेकतो. बॉलजवळची जाड बाजू, जिथे वाकवणारा सर्वाधिक भार येतो, ती फटीत मोकळी राहते. प्रत्येक खड्ड्याला स्टड तिथे डुलतो, भोक रुंदावते आणि शेवटी आट्यांच्या मुळाशी स्टड चिरतो.

तपासणी सोपी आहे. स्टड आणि भोक डिझेलने धुऊन कोरडे करा, स्टडवर मार्किंग ब्ल्यूचा पातळ थर द्या, हाताने दाबून घाला, फिरवू नका आणि सरळ बाहेर काढा. योग्य टेपरला निळा रंग भोकात जवळजवळ सगळीकडे उमटतो. चुकीच्या टेपरला कडेला एक बारीक निळी कडी दिसते आणि बाकीचे लोखंड चकचकीत राहते.

भोकात रीमर (भोक कापून मोठे करणारे हत्यार) फिरवून ते जुळवून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया नकार द्यावा. आर्मचा धातू एकदा गेला की योग्य एंडही त्यात बसत नाही. माझ्याकडे असे काम येते आणि मी ते परत पाठवतो.

गूळवाला_कराड

आपणा दोघांचे मनापासून आभार. मिस्त्रींना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सर्व तपासले. बॉक्स मध्यावर आणि चाके सरळ ठेवल्यावर लिंकचा बॉल भोकाच्या 15 मिलिमीटर अलीकडे थांबला. सुदैवाने जुनी लिंक गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होती. तिच्याशेजारी ठेवल्यावर फरक सर्वांनाच दिसला. टाय रॉड एंडचा निळा रंग फक्त नखभर रुंद कडीत उमटला, आणि भोकाच्या तोंडाशी लोखंडाची तांबूस भुकटी साचलेली होती.

कंपनीचा माल येईपर्यंत गाडी उभी ठेवली आहे. हंगामात हे जड जाते, पण इलाज नाही. एक शंका उरते: स्टडचे भोक आता खराब झाले असेल का?

फिटर_सांगली

तांबूस भुकटी म्हणजे धातू धातूवर घासल्याची खूण आहे, म्हणून नवा एंड आल्यावर आधी त्यानेच पुन्हा निळ्या रंगाची चाचणी घ्या. रंग सगळीकडे उमटला तर आर्म ठेवा. भोक लांबट झालेले असेल किंवा कडेला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी आर्मही बदला. तिथे वेल्डिंग मुळीच करू नये.

आणखी एक सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार व्हीलवरची ढिलाई 30 अंशांपेक्षा जास्त असू नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि नट, पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. अर्धा मीटर व्यासाच्या व्हीलवर 30 अंश म्हणजे कडेवर 13 सेंटीमीटर. आपली चार बोटे त्या मर्यादेच्या आतच होती, त्यामुळे नुसत्या ढिलाईच्या मोजमापात हा दोष कोणाच्या लक्षात आला नसता.

नवा नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळल्यानंतर नटाची खाच आणि स्टडचे भोक जुळले नाही, तर नट मागे सोडू नका. पुढच्या खाचेपर्यंत आवळा आणि मग नवी कॉटर पिन घाला. टाय रॉडला हात लागला आहे, तेव्हा टो-इन (पुढची चाके पुढच्या बाजूने किती आत झुकली आहेत ते) मोजून घ्या आणि क्लॅम्पच्या आत दोन्ही एंडचे आटे पुरेसे गेले आहेत का तेही पाहा. नवे भाग मागवताना चेसिस नंबर द्या, आणि जुनी लिंक टाकू नका. नवी आल्यावर बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे माप तिच्याशी ताडून मगच खोका फोडल्याची सही करा.