मदत हवी आहे: प्लॅनोफिक्स पण ऑक्झिन, टू-फोर-डी पण ऑक्झिन, मग आमच्या कपाशीची पानं भेंडीसारखी का झाली?

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बॉटनीत एमेस्सी करतेय, सेमिनारला विषय मिळालाय कपाशीतले हार्मोन रिस्पॉन्सिव्ह जीन्स, म्हणजे हार्मोनमुळे चालू-बंद होणारे जीन्स. आणि त्याच आठवड्यात मोताळ्याहून बाबांचा फोन, की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलीत, शिरा जवळजवळ आल्यात, देठ वाकलेत. कृषी केंद्रवाल्याने व्हायरस सांगून दोन बाटल्या माथी मारल्या. फोटो बघितले तर फक्त मक्याच्या धुऱ्याकडच्या आठ-दहा ओळीच तशा, बाकी वावर हिरवंगार. शेजारच्या काकांनी मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं आणि वारा आमच्याकडे होता. भांडण नकोय, काका चांगले आहेत.

माझा गोंधळ असा, की मला जेवढं समजलं त्यात ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं हार्मोन, पेशीत टीर-वन नावाच्या रिसेप्टरला चिकटतं, मग ऑक्स-आयएए ही कुलपासारखी प्रोटीन्स तोडली जातात आणि एआरएफ नावाची जीन्स चालू करणारी प्रोटीन्स मोकळी होऊन वाढीचे जीन्स जागे करतात. ठीक. पण बाबा दरवर्षी पातेगळ, म्हणजे फुलकळ्यांची गळ, थांबवायला प्लॅनोफिक्स मारतात, ते एनएए म्हणजे ऑक्झिनच. टू-फोर-डी पण तेच कुलूप उघडतं. मग एकाने पाती टिकतात आणि दुसऱ्याने झाड वेडंवाकडं, हे कसं? आणि झाडं सुधारतील का, बाबा उपटायचं म्हणतायत.

प्रतिसाद, पेशीपुराण:
उपटू नका आधी!! शेंडा जिवंत आहे ना ते बघा.

कुलूप तेच आहे, फरक आहे ते पुन्हा लागतं की नाही याचा. झाडाचं स्वतःचं ऑक्झिन जास्त झालं की जीएच-थ्री गटातले जीन्स जागे होतात, ते जादा ऑक्झिनला अमिनो आम्ल चिकटवून बाजूला ठेवतात, म्हणजे ऑक्झिननेच चालू होणारे जीन्स ऑक्झिनला लगाम घालतात. एनएएचं पण झाड बऱ्यापैकी निस्तरतं, शिवाय डोस बघ, दहा लिटरला साडेचार मिली म्हणजे जेमतेम २० पीपीएम. टू-फोर-डीवर ही युक्ती नीट चालत नाही, ते पेशीत ठाण मांडून बसतं, जीन्स चालूच राहतात, सोबत इथिलीन हे गळ घडवणारं हार्मोन बनवणारे जीन्स पण पेटतात, म्हणून देठ वाकतात आणि पुढे पाती-फुलं गळतात. कपाशी तर याला इतकी नाजूक की उडून आलेला फवारा पण पुरतो. आधी उघडलेली पानं तशीच राहतात, शेंड्यात जी घडत होती तीच बिघडतात, आणि तुमच्याकडे फक्त धुऱ्याकडच्याच ओळी तशा, त्यामुळे व्हायरसपेक्षा हाच संशय जास्त.

पातेगळ उलटी गोष्ट आहे. देठाच्या सांध्याला ऑक्झिन कमी पडलं आणि इथिलीन वाढलं की पेशीभिंत विरघळवणारे जीन्स चालू होतात आणि पातं सुटतं. प्लॅनोफिक्सने सांध्याला ऑक्झिन मिळत राहतं. पण किडीने पोखरलेलं पातं त्याने टिकणार नाही हं, लोक तिथेच पैसे घालवतात.

प्रतिसाद, काळी माती:
परभणीकडचा शेतकरी आहे, जीन वगैरे आपल्याला नाही कळत, पण दोन साली माझ्याकडे असंच झालं होतं. हलका मार असेल तर तीन-चार आठवड्यांत नवीन पानं चांगली येतात, फळफांद्या उशिरा लागतात एवढंच. उतारा असलेलं औषध कोणी विकत असेल तर घेऊ नका. आणि माझी चूक वेगळीच निघाली, सालदाराने तणनाशकाच्याच पंपाने कीटकनाशक मारलं होतं, नुसतं पाण्याने धुऊन! आता तो पंप वेगळाच ठेवलाय, लाल रंग मारून. बाय द वे, पऱ्हाटी माजली की आम्ही चमत्कार नावाचं औषध मारतो, ते पण ऑक्झिनच का?

पेशीपुराण:
नाही दादा, ते मेपिक्वाट क्लोराइड. ते जिबरेलिन हे उंची वाढवणारं हार्मोन बनू देत नाही, मग डेला नावाची ब्रेक प्रोटीन्स तशीच राहतात आणि पेरं आखूड पडतात.

ताई, सेमिनारला एक भारी उदाहरण घे. २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ऑक्झिन बनवणारा एक बॅक्टेरियाचा जीन फक्त सरकीच्या वरच्या सालीत, ऐन फुलण्याच्या वेळी चालू होईल असा बसवला. रुईचा प्रत्येक तंतू म्हणजे त्याच सालीची एक लांबलेली पेशी, त्यामुळे जास्त पेशी तंतू बनल्या आणि रुईचं उत्पादन १५ टक्क्यांहून जास्त वाढलं, धागा पण बारीक निघाला. तेच ऑक्झिन, फक्त योग्य जागी नि योग्य वेळी.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! बाबांना फोन केला, शेंडे हिरवे आहेत म्हणे, उपटणं कॅन्सल. आणि पंपाचं विचारलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की काकांनी मका मारायला आमचाच पंप नेला होता.