घरात, गल्लीत संगीता आहे का? अनुभव लिहा

साठ-सत्तरच्या दशकात खान्देशात जन्मलेल्या पोरींची हजेरी घेतली तर एक तरी संगीता निघायचीच. त्यांच्या आज्या बहिणाबाई, तापीबाई, भागाबाई. आया सुमन, कमल, सिंधू. मग संगीता-सुनीता-अनिताची लाट आली आणि ओसरलीही. आता बारशाला हे नाव सुचवणाऱ्या आत्याकडे सगळे बघतच राहतात. बहिणाबाईंचं नाव निदान २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तरी लागलं. संगीतांचं काय? तुमचं, आईचं, वहिनीचं हे नाव असेल तर लिहा. गोड-कडू दोन्ही चालेल.

भुसावळहून
आमच्या वर्गात तिघी संगीता आणि तिघीही पाटील. आपल्याकडे पाटील आडनावाने काय कळतं? लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील. बाई वडिलांच्या नावासकट हाक मारायच्या. लग्न झालं, सासरही पाटीलच. बँकेत ‘संगीता पाटील’ पुकारलं की दोन-तीन जणी उठतात, मग नवऱ्यांची नावं विचारून एकेक खाली बसते. मला मात्र हे नाव कधी खुपलं नाही. गर्दीत बरं वाटतं.

अमळनेर
माझ्या आईचं नाव. तिच्या लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर मशीनने नावं टाकलेली आहेत. श्रावणात कानबाई देवीचे रोट असले की भाऊबंदकीतली ताटं, पराती, पातेली एका घरी जमतात आणि भांडी परत न्यायच्या वेळी खरा तमाशा सुरू होतो. ‘चि. सौ. कां. संगीता हिस मामाकडून भेट’. आता मामा काय एकट्या आमच्या आईलाच होता? दोन काकूंचंही नाव तेच. एका पातेल्यावरून दोघी वर्षभर अबोला धरून होत्या. शेवटी आईने सगळ्या भांड्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. तरी एक परात आमच्याकडे राहिलीच, तिच्यावर ‘आत्याकडून’ लिहिलंय आणि आईला आत्याच नाही.

नंदुरबार
नाव संगीता, गळा म्हणजे भोंगा. दर गॅदरिंगला नावावरून गाणं म्हणायला उभं केलं. बस, एवढंच.

चोपडा तालुका
मोठ्या जाऊबाई संगीता, म्हणून लग्नात माझं सुरेखा झालं. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. त्या काळी विचारायची पद्धतही नव्हती म्हणा. सासरी सुरेखा, माहेरी संगी. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरायला गेले तर कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणतो, “मावशी, तुम्ही नेमक्या कोण?” राग आला, पण त्याचा काय दोष! जुनं नाव परत हवंय असंही नाही. शेतात, चुलीपाशी राबली ती सुरेखाच. पण माहेरी गेले की माय ओट्यावरून ओरडते, “संगे, कोठे शे वं?” तेव्हा मी हातातलं काम टाकून पळते. जाऊबाईंशी माझं चांगलं आहे, गैरसमज नको.

धुळे, वय २४
होय, या वयाचीही संगीता असते. आत्या लहानपणीच गेली, तिचं नाव आजोबांनी मला दिलं. पुण्यात होस्टेलवर “काकूंचं नाव” म्हणून चिडवायचे. बदलायचा विचार केला होता, पण आजोबांसमोर विषय काढायची हिंमत झाली नाही. आता सवय झालीय, आवड म्हणणार नाही.

जळगाव
मी पुरुष, बायकोच्या वतीने लिहितो. २००७ साली नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा गल्लीतल्या प्रतिभाकाकू महिनाभर ताठ मानेने भाजी आणायला जात होत्या. आमची संगीता म्हणे, “आमच्यातली कुणी होऊ द्या, मग बघा.” मुलीच्या वेळी तिची एकच अट होती, गल्लीत दुसरं नसेल असं नाव हवं. शोधून शोधून ठेवलं. दुसऱ्याच वर्षी समोरच्यांकडे त्याच नावाचं बारसं. आणि पाळण्याला दोरी धरायला बोलावणं आमच्याच घरी.