मीठ घातल्यावर बर्फ लवकर वितळतो, मग पॉट जास्त गार कसा होतो?

गिरगावकर:
रविवारी चाळीत हाताने फिरवायच्या जुन्या लाकडी पॉटमध्ये आंब्याचे आइस्क्रीम केले. जाडे मीठ आणायचे राहून गेले होते, आणि नुसत्या बर्फावर पाऊण तास दांडा फिरवूनही मिश्रण पातळच राहिले. मीठ आणून बर्फाच्या थरांत पेरले, तेव्हा बर्फाचे भराभर पाणी झाले खरे, पण वीस मिनिटांत दांडा फिरेनासा झाला आणि तापमापीने उणे १४ अंश दाखवले. बर्फ उष्णतेने वितळतो, असे आपण शाळेत शिकलो. मग वितळता वितळता तो आणखी गार कसा झाला?

मिठागर_मुलुंड:
शाळेत शिकलेले बरोबरच आहे. ती उष्णता आली कुठून, एवढेच पाहायचे. वितळत्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि शून्य अंशाला जेवढे रेणू बर्फातून सुटतात तेवढेच त्या थरातून परत बर्फाला चिकटतात. थरात मीठ विरघळले की परतणाऱ्यांची संख्या घटते, सुटणे मात्र चालूच राहते. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. खाली शेगडी नसल्यामुळे त्या खुद्द बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि तुमच्या आंब्याच्या डब्यातून ओढल्या जातात. तापमान उतरत जाते तसे सुटणेही मंदावते आणि पुन्हा तोल साधतो, पण शून्याच्या पुष्कळ खाली.

लादीवाला:
यात एक भर घालतो. पहिल्या खेपेचे अपयश साखरेमुळेही आहे, कारण मीठ बर्फाला जे करते तेच साखर दुधातल्या पाण्याला करते: ते शून्याला गोठतच नाही, दोन-तीन अंश आणखी खाली जावे लागते. शून्य अंशाच्या बर्फात तुम्ही रात्रभर दांडा फिरवला असता, तरी हात दुखण्यापलीकडे काही झाले नसते.
मीठ वाढवत गेल्याने मात्र थंडी वाढतच जाते असे नाही. खाऱ्या पाण्यात वजनाने साधारण २३ टक्के मीठ झाले की उणे २१ अंशांची हद्द येते. त्यापुढचे मीठ फुकट जाते. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ पुरे. बर्फाच्या कारखान्यात लादीचे डबे अशाच खाऱ्या पाण्याच्या टाकीत उभे असतात. शून्याखाली नेलेले ते पाणी स्वतः न गोठता डब्यातले गोडे पाणी गोठवते.

मिठागर_मुलुंड:
लाकडी बादलीला वरच्या अंगाला जे भोक असते, ते उघडे ठेवले होते ना? वितळलेले खारे पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये म्हणून ते असते.

गिरगावकर:
जिन्यावर पाणी सांडू नये म्हणून मीच ते चिंधीने बुजवले होते. वरच्या तीन-चार वाट्या खारट का लागल्या, ते आता कळले.